कथा मंडळीची, गाणे मंडळीचे

चारशे वर्षांपूर्वी गोव्यातल्या साष्टी भागात रविवारच्या धर्मशिक्षणाला जमलेल्या नवख्रिस्ती लोकांपैकी एकाने फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? प्रार्थना शिकवता, धर्मतत्त्वे पाठ करून घेता, ते सगळे ठीक. पण ज्यात मन रमेल, वेळ सत्कारणी लागेल, असे वाचायला-ऐकायला आमच्याजवळ काहीच उरलेले नाही. स्टीफन्स यांनी हा प्रसंग आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच घातला आहे. पुढचा सगळा ग्रंथ म्हणजे त्या एका प्रश्नाला दिलेले जवळपास 11 हजार ओव्यांचे उत्तर आहे.

हे गाऱ्हाणे ज्या काळात झाले तो सुखाचा काळ नव्हता, हेही सांगितले पाहिजे. साष्टीतली देवळे पाडली गेली होती, ग्रंथ हिरावले गेले होते, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात त्या हिरावलेपणाची कळ होती. स्टीफन्स यांना ती ऐकू आली, हे त्यांचे मोठेपण. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि 1619 मध्ये इथेच वारला. मधल्या चाळीस वर्षांत त्याने इथल्या माणसांच्या बोलण्याची लय इतकी आत्मसात केली की आदाम-हव्वेपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची सारी कथा त्याला ओवीतच सुचली. 1616 मध्ये रायतूरला ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले, 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा निघाले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती लागत नाही. तरीही ग्रंथ वाचला, कारण गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनी हस्तलिखित पोथ्या करून तो जपला, घरात वाचला, गायिला. 1907 मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला आवृत्ती काढली ती अशा पोथ्यांच्या आधाराने. छापील प्रती नाहीशा झाल्या आणि गायिली जाणारी प्रत टिकली. या संग्रहाला प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी हीच गोष्ट मनात आली.

हा संग्रह बायबलमधल्या कथांवरच्या आख्यानांचा आणि त्यांत गुंफलेल्या पदांचा आहे. तो मंडळ्यांसाठी केला आहे, व्यासपीठावरच्या कलावंतांसाठी नाही. रविवारच्या उपासनेत, महिला मंडळात, शब्बाथशाळेत, घरसभेत, नाताळच्या आधीच्या रात्री दारोदार फिरताना, कुणाच्या घरी दुःख झाले असता सांत्वनाला जमल्यावर, जिथे चार विश्वासी एकत्र येतात तिथे त्याचा उपयोग व्हावा अशी इच्छा आहे. त्यामागे आमची एक ठाम समजूत आहे. ऐकणारा जेव्हा स्वतः गाऊ लागतो, तेव्हाच कथा त्याची होते. आणि जी कथा त्याची झाली, तीच सोमवारी त्याच्याबरोबर शेतावर, कारखान्यात, दवाखान्याच्या रांगेत जाते.

आपल्याकडे संगीताला बहुतेक वेळा उपासनेतला मधला वेळ समजले जाते. लोक येऊन बसेपर्यंत दोन गीते, अर्पण गोळा होईपर्यंत एक, शेवटी उठताना एक, आणि खरे काम ते संदेशाचे. कथेची अवस्था त्याहून वाईट. ती शब्बाथशाळेतल्या मुलांसाठी राखून ठेवलेली असते, मोठ्यांना थेट बोध दिला जातो. पण ज्या ग्रंथावरून आपण बोध देतो तो ग्रंथ मुळात कसा आहे? दीडशे स्तोत्रे त्याच्या मधोमध उभी आहेत. तांबड्या समुद्रातून पार झाल्यावर मिर्याम हातात डफ घेते आणि बाया तिच्यामागे नाचत निघतात. वल्हांडणाच्या विधीत आज्ञाच आहे की मुलांनी अर्थ विचारला तर त्यांना घडलेली गोष्ट सांगावी. आपल्या प्रभूने देवाच्या राज्याची व्याख्या कुठेही केलेली नाही. पेरणाऱ्याची, खमिराची, हरवलेल्या नाण्याची गोष्ट सांगितली. वधस्तंभाच्या आदल्या रात्री, शेवटच्या भोजनानंतर, तो आणि त्याचे शिष्य स्तोत्र गाऊनच जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री गात होते आणि इतर कैदी ऐकत होते. आपला विश्वास मुळापासून गात आणि सांगत आलेला आहे.

मराठी मंडळीला तर हे बाहेरून शिकण्याची गरजच नव्हती. कीर्तन या मातीत आधीपासून होते. एका वचनावर निरूपण करणारा पूर्वरंग, ते वचन कथेतून डोळ्यांपुढे उभे करणारा उत्तररंग, मधे मधे ओवी, साकी, दिंडी, आर्या, अभंग, कटाव, आणि सगळ्यांना गजरात ओढून घेणारे ध्रुपद. धर्मशिक्षणाची इतकी परिपूर्ण रचना फार थोड्या भाषांना लाभली असेल. अहमदनगरला 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे झाले आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी ही रचना उचलली. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यातले पहिले मोठे नाव. त्यांनी पदे रचली, कीर्तने केली, आणि पेटी, तबला, टाळ, चिपळ्या घेऊन ख्रिस्ती कीर्तनकार गावोगावी जाऊ लागले.

ख्रिस्ती कीर्तनाच्या इतिहासात एक गोष्ट मला नेहमी सलते. ते मुख्यतः मंडळीबाहेरच्या लोकांसाठी वापरले गेले. चावडीपुढे, बाजाराच्या दिवशी, जत्रेत. शुभवर्तमान सांगायचे साधन म्हणून त्याचे कौतुक झाले, अहवालांत नोंदी झाल्या; पण रविवारी मंडळी मंदिरात जमली की चिपळ्या खाली ठेवल्या जायच्या. जे बाहेरच्याला गोड लागावे म्हणून वापरले, ते घरच्यांना रोज का वाढले नाही? बाप्तिस्मा झालेल्या माणसाला कथेची भूक राहत नाही, असे कुणी तरी गृहीत धरले असावे. साष्टीतल्या त्या माणसाचा प्रश्न नेमका याच गृहीताला होता.

नारायण वामन टिळकांनी ही उणीव ओळखली होती. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. ‘अभंगांजली’तले त्यांचे बोलणे थेट प्रभूशी आहे. तिथे ऐकणाऱ्याला पटवून देण्याची धडपड नाही. आहे ती रुसवा, हट्ट, लाज, आनंद, घरच्या माणसाशी असते तशी सलगी. ‘उपासना संगीता’तल्या त्यांच्या पदांनी मराठी ख्रिस्ती माणसाला प्रार्थनेची भाषा दिली असे मी म्हणतो ते अतिशयोक्ती म्हणून नाही. प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या एखाद्या अक्षरओळख नसलेल्या आजीचे शब्द नीट ऐका. त्यात टिळकांच्या पदांचे तुकडे सापडतील, आणि ते कुणाचे आहेत हे तिला ठाऊकही नसेल. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्याला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. 1919 च्या मे महिन्यात टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले, 64 अध्याय लिहून. लग्न झाले तेव्हा ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्या बाईंनी. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, ते योग्यच झाले; पण ‘ख्रिस्तायना’ची पोथी मराठी ख्रिस्ती घरांत पारायणाला असायला हवी होती. ती तशी राहिली नाही, हे आपल्या मंडळ्यांचे नुकसान आहे.

पंडिता रमाबाईंचेही बालपण इथे आठवते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आपल्या कुटुंबासह तीर्थक्षेत्रे फिरत, देवळांत आणि नदीच्या घाटांवर पुराणे सांगत. छोटी रमा त्याच वातावरणात श्लोक तोंडपाठ करत वाढली, आणि पुढे ती स्वतःही पुराण सांगू लागली. केडगावच्या मुक्तिसदनात, आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, बायबलचे मराठी भाषांतर करताना साध्या बाईला ऐकून समजेल अशा भाषेचा त्यांनी धरलेला आग्रह मला त्या घाटांवरून आलेला वाटतो. समोर बसलेल्या बाया कुठे कान देतात आणि कुठे चुळबुळ करू लागतात, हे पुराण सांगणाऱ्याच्या लेकीला कुणी शिकवावे लागत नाही.

आता एक आख्यान कसे घडते ते जवळून पाहू. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका खेड्यात, सुगीच्या सणाला, उधळ्या पुत्राचे आख्यान मी ऐकले. कीर्तनकार साठीच्या पुढचे, व्यवसायाने शेतकरी. पूर्वरंगात त्यांनी फार वेळ घेतला नाही. उत्तररंगात धाकटा मुलगा वाटणी मागतो तिथे त्यांनी साकी घेतली, दूर देशातल्या उधळपट्टीला कटाव, आणि डुकरांपुढच्या शेंगांपाशी येऊन ते गप्पच झाले. तबला थांबला. मग साध्या बोलण्यात म्हणाले, “बाप रोज कवाडात येऊन उभा राहत असंल. नाहीतर लांबून दिसला कसा?” आणि धोतराचा सोगा खोचून ते जागच्या जागी धावू लागले. गावातला मानाचा म्हातारा माणूस भर दिवसा रस्त्याने धावत नाही; त्या मंदिरात बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते. ठेका दुगणीत गेला, चिपळ्या सुटल्या आणि ध्रुपद मंडळीने उचलले.

खरी गंमत पुढे होती. लूकच्या पंधराव्या अध्यायात लिहिले आहे की थोरला मुलगा शेतातून आला तेव्हा घराजवळ त्याला वाद्यांचा आणि नाचाचा आवाज ऐकू आला. कीर्तनकारांनी मंडळीला खूण केली, गात राहा. आणि स्वतः मधल्या वाटेने चालत मंदिराच्या दाराबाहेर गेले. उंबरठ्याच्या पलीकडे उभे राहून त्यांनी हाक दिली, “काय चाललंय आत? कुणासाठी चाललंय?” आता गाणारी मंडळी म्हणजे ती मेजवानीच झाली होती, आणि बाहेर उभा होता तो घरचाच, राबणारा, रीतसर वागणारा मुलगा. पहिल्या ओळीतल्या वडीलधाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते कुठल्याही संदेशाने उमटले नसते, कारण तिथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण उधळे नव्हतेच. ते थोरले होते. कथेला शेवट नाही. थोरला आत गेला की नाही, प्रभूने सांगितलेले नाही. कीर्तनकारांनीही सांगितले नाही. ते दाराबाहेरच थांबले आणि पाळकांनी तिथून पुढे प्रार्थना सुरू केली. पुढे त्या गावात एक बोलणे रुळले. कुणी भावकीत अढी धरून बसला, कुणी मंडळीच्या बैठकीला यायचा बंद झाला, की लोक त्याला म्हणतात, “दारात किती उभा राहशील? ये आत.” एवढ्या चार शब्दांत सबंध दाखला मावतो आणि ऐकणाऱ्याला राग येत नाही.

पदे निवडताना आणि रचताना आम्ही त्या मंडळीला डोळ्यांपुढे ठेवले. ध्रुपद असे हवे की पुस्तक हातात नसतानाही दुसऱ्या फेरीला सगळ्यांना म्हणता यावे. भजनाची रीत, एकाने ओळ सांगायची आणि सगळ्यांनी ती उचलायची, हीच मंडळीच्या गाण्याला सर्वांत न्याय देणारी रीत आहे. वाचता न येणारी म्हातारी आणि अजून वाचायला न शिकलेले नातवंड तिच्यात बरोबरीने सामील होतात. ताल म्हणून मुख्यतः भजनी ठेका, केरवा आणि दादरा घेतले आहेत. पट्टीबद्दल मात्र पेटीवाल्यांना कळकळीची विनंती आहे. पुष्कळ मंडळ्यांत गाणे मरते ते उंच पट्टीमुळे. मुख्य गायकाला शोभते म्हणून पट्टी वर नेली जाते, अंतऱ्यापाशी पुरुष मंडळी गप्प होतात, मग बायाही, आणि शेवटच्या कडव्याला मायकवरचा एकच आवाज उरतो. पट्टी दोन स्वर खाली आणा. गाणे थोडे कमी चमकेल, पण मंदिर भरून गाईल. मोठे ध्वनिक्षेपक, ड्रम, भिंतीवरचा पडदा यांना माझा विरोध नाही. तरुण मुले त्यांच्यामुळे पुढे येतात ही चांगली गोष्ट आहे. पण शेजारच्या माणसाचा आवाज ऐकू येईनासा झाला की मंडळी प्रेक्षक बनते, आणि पडद्यावर शब्द दिसतात म्हणून ते पाठ करायची सवय मोडते. पाठ नसलेले गाणे रात्री अडीच वाजता आजाऱ्याच्या उशाशी कामी येत नाही.

इंग्रजी चालींवरच्या भाषांतरित गीतांविषयी एक खुलासा. त्यांना या संग्रहात जागा कमी आहे, ती तुच्छतेने नव्हे. पिढ्यान्पिढ्या आपण ती गीते म्हणत माणसांना कबरस्थानात पोचवले आहे, वधुवरांना आशीर्वाद दिला आहे. ती आपली झाली आहेत. अडचण एवढीच की कथा सांगायला त्या चाली फारशा लवचीक नाहीत. मराठी शब्दातले ऱ्हस्व-दीर्घ तिथे ओढाताण करून बसवावे लागते, आणि मधे थांबून चार वाक्ये बोलायची, पुन्हा त्याच ओळीवर यायचे, ही कीर्तनातली सोय त्यांत नाही.

हलगी आणि डफाबद्दल जरा विस्ताराने लिहायचे मनात होते, पण थोडक्यात सांगतो. मराठवाड्यातले आणि नगर भागातले पुष्कळ ख्रिस्ती लोक महार आणि मांग समाजातून आले. गावाने त्यांना बाहेर ठेवले, तरी गावाचे वाजवणे त्यांच्याच हातात होते. हलगी, सनई, तुणतुणे, पोवाड्याचा ठसका हे त्यांच्या घरचे धन. मंदिरात येताना ते दाराशी ठेवून यायला कुणी सांगितले? तमाशाचे वाद्य म्हणून नाक मुरडणे हा जुन्या उच्चनीचतेचाच अवशेष आहे, त्याला शुभवर्तमानात आधार नाही. शेवटचे स्तोत्र कर्णा, वीणा, डफ आणि झांजा एकाच दमात सांगते. दाविदाने गल्याथाला पाडल्याचा प्रसंग पोवाड्यात घेतला आहे तो म्हणूनच, आणि तो हलगीवरच म्हटला जावा.

कॅथलिक वाचकांना या संग्रहात त्यांचेही काही सापडेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लॅटिनमधली मिस्सा लोकांच्या भाषेत येण्याचा मार्ग खुला झाला. वसईत मराठी मिस्सागीतांची जी समृद्ध परंपरा उभी राहिली ती त्यानंतरची. पण वसईतल्या बायांची लग्नातली गाणी त्याच्या कितीतरी आधीची आहेत, आणि माझ्या मते तिथल्या धर्मगुरूंनी आणि गायनवृंदांनी अजून त्या गाण्यांकडे पुरेसे पाहिलेले नाही. काना गावच्या लग्नाची कथा त्या चालींवर किती सहज बसेल! आम्ही एक प्रयत्न केला आहे. जाणत्या बायांनी तो तपासावा आणि खुशाल बदलावा.

काही पाळकांनी हस्तलिखित वाचून शंका घेतली. कीर्तन हा दुसऱ्या धर्माचा प्रकार नाही का? आणि कथेला रंग भरताना वचनात भर पडत नाही का? पहिल्या शंकेचे उत्तर स्टीफन्स, सांगळे आणि टिळक यांनी आपल्या आयुष्यानेच दिले आहे. मला त्यात आणखी काही घालायचे नाही. दुसरी शंका खरी आहे आणि ती सतत जवळ बाळगावी. कीर्तनकाराचे शब्द आणि शास्त्राचे शब्द यांतली सीमा ऐकणाऱ्याला कळली पाहिजे. म्हणून प्रत्येक आख्यानाआधी मूळ उतारा मोठ्याने वाचावा, आणि तोही शक्यतो मंडळीतल्याच कुणी, एखाद्या शाळकरी मुलीने किंवा नुकत्याच आलेल्या माणसाने. कल्पनेने भरलेल्या जागी कीर्तनकाराने “असं असावं” असे म्हणावे. बाप रोज कवाडात उभा राहत असेल असे आमचे कीर्तनकार म्हणाले. राहत होता असे नाही म्हणाले.

घरी वापरण्याबद्दल एवढेच, की सुरुवात लहान करावी. सबंध आख्यान घरात होणार नाही. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत एक प्रसंग वाचावा, घरातल्या एकाने तो आपल्या शब्दांत सांगावा, आणि त्याचे पद सगळ्यांनी म्हणावे. आठवडाभर तोच प्रसंग आणि तेच पद ठेवले तरी चालेल. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या मुलांची आणि गावाकडच्या आईवडिलांची आता फोनवर एकत्र प्रार्थना होते. आवाज मागेपुढे येत असल्याने एकदम गाता येत नाही, तेव्हा एका घराने कडवे म्हणावे आणि दुसऱ्याने ध्रुपद.

चाली सोप्या स्वरलेखनात दिल्या आहेत, पण त्या बंधनकारक नाहीत. तुमच्या भागात एखादे पद वेगळ्या चालीत म्हणत असाल तर ती चाल आम्हाला कळवा. पुढच्या आवृत्तीत दोन्ही छापू. उधळ्या पुत्राच्या आख्यानात थोरल्या भावाचे पद मुद्दाम शेवटच्या कडव्याशिवाय दिले आहे. तिथे कागद कोरा आहे. ते कडवे प्रत्येक मंडळीने आपले आपण रचावे, आणि दरवर्षी नवे.